१२३४५६७८९८७६५४३२१: एका डौलदार संख्येची कुंडली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवीतल्या मुलीने ११, १११, ११११ अशा संख्यांचे वर्ग करत करत नऊ एकांपर्यंत मजल मारली. वहीत उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. पडताळा म्हणून तुम्ही एक्सेल उघडलंत, तर तिथे शेवटी ३०० आलं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये करून पाहिलंत, तिथे ३२०. मुलगी विचारते, माझं चुकलं का? आणि तुम्हाला हवंय ते असं, की ही संख्या गणितात नेमकी कुठल्या कुठल्या प्रकारांत बसते.

मुलीचं बरोबर आहे. दोन्ही यंत्रं चुकली आहेत, आणि ते ओळखायला तिसरं यंत्र लागत नाही. एककस्थानी १ असलेल्या संख्येचा वर्ग केला की एककस्थानी १ च येतो. शेवटी शून्य दिसलं तिथेच विषय संपला.

यंत्रं का चुकली ते सांगतो, कारण नोकरीधंद्यात हा फटका अनेकांना बसतो. एक्सेल फक्त पहिले १५ अंक जपतं, पुढच्या जागी शून्यं भरतं. आपली संख्या १७ अंकी, म्हणून शेवटच्या २ आणि १ चा बळी गेला आणि ...५४३०० दिसलं. ब्राउझरचं दुखणं जरा वेगळं. तिथे संख्या द्विमान पद्धतीत ठेवतात आणि अंकांसाठी ५३ बिटांचीच जागा असते. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची, म्हणजे २ च्या ५३ व्या घातापर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या त्यात मावते. त्यापुढे, या मर्यादेच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या विषम आहे आणि ...३२० व ...३२२ यांच्या बरोबर मधोमध पडते. अशा वेळी कोणती बाजू घ्यायची याचा नियम ठरलेला आहे, त्याने ३२० निवडलं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत इंग्रजी अंकांत 111111111**2 लिहा, अचूक उत्तर येईल. तिथे पूर्ण संख्येला जागेची अडचण नसते.

एका पतसंस्थेत सोळा अंकी खातेक्रमांकांची यादी कोणीतरी एक्सेलमध्ये साध्या संख्या म्हणून टाकली होती. सगळ्या खात्यांच्या शेवटी शून्य. हिशेब तपासायला मला बोलावलं, तर मुळात हिशेबात काही घोळच नव्हता! असे क्रमांक मजकूर म्हणून टाकायचे असतात, एवढंच.

आता संख्येकडे वळू.

कोणत्याही संख्येचे गुणधर्म सांगताना मी आधी दोन ढीग करतो. एका ढिगात त्या संख्येचे स्वतःचे गुण: तिचे मूळ अवयव कोणते, तिला किती विभाजक आहेत, ती कोणाचा वर्ग आहे का. हे गुण तुम्ही ती देवनागरीत लिहा, रोमन अंकांत लिहा किंवा तितके खडे मांडून ठेवा, बदलत नाहीत. दुसऱ्या ढिगात तिच्या लिखाणाचे गुण: उलटसुलट सारखी दिसते का, अंकांची बेरीज किती. हे गुण दशमान पद्धतीचे आहेत, संख्येचे नाहीत. माहितीच्या याद्यांमध्ये हे दोन्ही ढीग एकत्र कालवलेले असतात, आणि मग मुलांना वाटतं की 'मूळ संख्या असणं' आणि 'उलटं वाचता येणं' या एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

मुलीने जे पाहिलं ते दुसऱ्या ढिगातलं आहे, पण ते का घडतं हे कळलं की पहिल्या ढिगाचा दरवाजाही उघडतो. चार एकांचा वर्ग चौकटीच्या वहीत मांडून पाहा:

०००११११
००११११०
०११११००
११११०००
———————
१२३४३२१

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३, ४, ३, २, १ एवढे एके जमतात आणि तेच उत्तराचे अंक होतात. नऊ एके घेतले की मधल्या रकान्यात नऊ एके जमतात. नऊ हा शेवटचा अंक. अजून हातचा आलेला नाही. म्हणजे ही संख्या हातच्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. दहा एके घ्या, मधल्या रकान्यात १० जमतात, त्यातलं ० खाली राहतं आणि १ हातचा शेजारच्या ९ वर जातो, तिथेही १० होतात, परत ० राहून हातचा ८ वर, त्याचे ९ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून चढताना ८ गायब. उलटसुलट सारखेपणाही गेला.

हा गायब झालेला ८ अनेकांना दुसरीकडे भेटलेला असतो. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ एके मिळतात, ही शाळेतली जुनी गंमत. आणि १ ला ८१ ने भागलं की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं आवर्ती दशांश रूप येतं, त्यातही ८ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर याला चमत्कार म्हणून फिरवतात. चमत्कार वगैरे काही नाही, तोच हातचा आहे: ८, ९, १० असे पुढे जाताना १० चा हातचा ९ वर, ९ चा ८ वर. शिवाय आपली संख्या ही ९९९९९९९९९ च्या वर्गाला, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ ला, ८१ ने भागून येते. तेव्हा ८१ चं आणि तिचं नातं घरचंच आहे.

वाचायची कशी? रोजच्या व्यवहारात स्वल्पविराम देऊन १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असं लिहू आणि '१२३४५६७८९८ कोटी, ७६ लाख, ५४ हजार, ३२१' असं म्हणू. पण भास्कराचार्यांनी लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा नावं दिली आहेत आणि आपली संख्या सतरा अंकी आहे, म्हणजे प्रत्येक अंकाला स्वतःचं नाव मिळतं. मोठ्याने वाचून पाहा: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. शिखरावरचा ९ अर्बुदाच्या स्थानी बसतो. परार्ध तेवढं रिकामं राहतं. एवढे सेकंद मोजायचे म्हटले तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील, यावरून आकाराचा अंदाज घ्या.

आता पहिला ढीग, संख्येचे स्वतःचे गुण. इथे सगळं काही मूळ अवयवांवर ठरतं, आणि वर्ग असल्यामुळे आपल्याला फक्त नऊ एकांचे अवयव पाडायचे आहेत. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो, उरतात १२३४५६७९. याला ३७ ने भाग जातो. ३७ आठवायचं कारण असं की ३७ × ३ = १११, आणि नऊ एके म्हणजे तीन वेळा १११. भागल्यावर मिळतं ३३३६६७. पुढे काय?

बहुतेक विद्यार्थी इथे कॅल्क्युलेटर घेऊन ७, ११, १३ करत सुटतात. ३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये आहे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत, म्हणजे १०६ भागाकार. थोडा विचार केला तर हे काम १७ भागाकारांवर येतं. कसं ते पाहा. समजा प या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग प ने ९९९९९९९९९ लाही भाग जातो, म्हणजे १/प चं आवर्ती दशांश रूप नऊ घरांनंतर परत तेच येतं. आवर्तनाची लांबी १, ३ किंवा ९ च असू शकते. लांबी १ फक्त ३ ची, लांबी ३ फक्त ३७ ची, आणि या दोघांनी ३३३६६७ ला भाग जात नाही (३७ ने भागलं तर बाकी १ उरते, अगदी थोडक्यात हुकतं). म्हणून लांबी ९ च हवी. आवर्तनाची लांबी नेहमी प − १ ची विभाजक असते, म्हणून प − १ ला ९ ने भाग जायला हवा. प विषम, म्हणून १८ ने. आता फक्त १९, ७३, १०९, १२७ अशा, १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या. ३७ धरून ५७७ पर्यंत अशा सतराच आहेत. एकीनेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

तेव्हा आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

शेवटच्या तुकड्याचा वर्गही देखणा आहे: १११३३३६६६८८९. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मुलांना वाटतं अवयव पाडले की सौंदर्य संपतं.

एवढं हाती आलं की पुढचं पटापट निघतं. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विषम संख्या आली, कारण वर्गसंख्या आहे. विभाजकांच्या २२ जोड्या लागतात आणि १११११११११ स्वतःशीच जोडी लावून मध्ये बसतो. या ४५ जणांत १२३२१ ही आहे, म्हणजे तीन एकांचा वर्ग. १२१ मात्र नाही. ११ ने भागल्यास बाकी १ उरते. स्वतःला सोडून बाकी ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते, संख्येच्या साधारण साडेत्रेपन्न टक्के. ही बेरीज संख्येएवढी भरली तर तिला परिपूर्ण म्हणतात (६, २८ या तशा), जास्त भरली तर विपुल, कमी भरली तर न्यून. आपली न्यून. यात आश्चर्य नाही. २ ने भाग न जाणाऱ्या आणि मोजकेच मूळ अवयव असणाऱ्या संख्येकडून विपुलतेची अपेक्षा करू नये. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा येतो म्हणून ती इंग्रजीत ज्यांना पॉवरफुल म्हणतात त्या संख्यांपैकीही आहे, पण कोणताही वर्ग तसा असतोच. हे म्हणजे आंब्याला फळ म्हणण्यासारखं. त्रिकोणी आहे का, म्हणजे १ + २ + ३ + ... अशा बेरजेने मिळते का? नाही. वर्गही आणि त्रिकोणीही अशा संख्या फार विरळ: १, ३६, १२२५, ४१६१६ अशी ती रांग जाते आणि आपल्या भागात आली की २१७२६०२००७७७००४१ नंतर थेट ७३८०४५१२८३२४१९६०० वर उडी मारते. आपली मध्येच राहते.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा गुण या ढिगात आहे आणि तो याद्यांमध्ये सहसा दिसत नाही. ३७ ही ४ ने भागल्यास बाकी १ उरणारी मूळ संख्या आहे, म्हणून ती पायथागोरसच्या त्रिकूटात कर्ण होऊ शकते: १२² + ३५² = ३७². नऊ एके म्हणजे ३७ × ३००३००३. मग त्रिकूटाच्या तिन्ही बाजू ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११²

म्हणजे आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे, आणि शून्य सोडलं तर या दोन वर्गांखेरीज दुसरी कोणतीही जोडी चालत नाही, कारण बाकीचे दोन मूळ अवयव, ३ आणि ३३३६६७, यांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि ते या कामात काहीच हातभार लावत नाहीत. त्रिकोणाच्या बाजू ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११! मुलगी आठवी-नववीत गेली की तिला हे दाखवा.

दुसऱ्या ढिगाकडे जाण्याआधी ती सीमारेषा कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून घ्या. आपली संख्या दशमानात 'चिमा काय कामाची' सारखी, उलटी वाचा की सुलटी. तीच संख्या नऊच्या पायावर, म्हणजे दहा-दहाऐवजी नऊ-नऊचे गट करत लिहिली तर? तिला ८१ ने, म्हणजे ९ च्या वर्गाने, भाग जातो, म्हणून शेवटी दोन शून्यं येतात. शेवटी शून्य असलेली संख्या उलटी वाचता येत नाही, कारण सुरुवातीला शून्य कोणी लिहीत नाही. तिनाच्या पायावर चार शून्यं. सगळा डौल उतरला. उलट आठाच्या पायावर सात एकांचा वर्ग केला तर १२३४५६७६५४३२१ अशी तिथली राणी तयार होते, कारण तिथे हातचा ८ ला येतो. ते सात एके म्हणजे आपले २९९५९३ आणि त्यांचा वर्ग दशमानात ८९७५५९६५६४९. बघून कोणाला काही वाटणारही नाही. प्रत्येक पायाला आपापली अशी एक डौलदार संख्या असते, आपली दहाची आहे एवढंच.

म्हणून लिखाणाचे गुण कमी प्रतीचे असं मात्र मी म्हणणार नाही. त्यात आयुष्य घातलेला माणूस आपल्याच मातीतला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. ६१७४ मुळे त्यांचं नाव जगभर गेलं (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, असं करत राहिलं की शेवटी ६१७४ येते). पण आपल्या संख्येशी त्यांचं नातं त्याहून जवळचं आहे: तिला नाव त्यांनीच दिलं. मुंबईहून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करायचं तिथे सुचलं, म्हणून त्या 'डेम्लो संख्या'. लोकलच्या गर्दीत रोज डोंबिवलीला चढणाऱ्या लाखो लोकांना आपल्या स्टेशनाचं नाव गणितात आहे याची कल्पना नसते.

डेम्लो संख्येची खूण अशी की तिचे तीन भाग पडतात, आणि पहिला व शेवटचा भाग मिळवले की मधल्या भागात जो अंक पुन्हा पुन्हा येतो तोच मिळतो. १६५ घ्या: १ + ५ = ६. ४७७७३ घ्या: ४ + ३ = ७. आता आपली: १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. पंख मिळवा: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मध्ये ९, बेरजेत सगळे ९. एकांच्या वर्गांना, म्हणजे १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतच्या रांगेला, कापरेकरांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं.

हर्षद संख्या हे नावही त्यांचंच: अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. आपल्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भाग जातो हे आपण पाहिलंच, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. तोही हर्षद आहे का? त्याच्या अंकांची बेरीज ६४, सम, संख्या विषम. नाही. साखळी एकाच पायरीवर थांबते.

आनंदी संख्या म्हणून आणखी एक प्रकार आहे. अंकांच्या वर्गांची बेरीज करत राहायचं, शेवटी १ आला तर आनंदी. आपली: पहिली बेरीज ४८९, मग १६१, ३८, ७३, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७ आणि परत ५८. आता हे चक्र जन्मभर फिरत राहणार, १ कधीच येणार नाही. हर्षद म्हणजे हर्ष देणारी, पण स्वतः आनंदी नाही. अशा माणसांची उदाहरणं मी देत बसत नाही.

स्मिथ संख्या: अंकांची बेरीज आणि मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी हवी. २२ घ्या: २ + २ = ४, आणि २ × ११ मध्ये २ + १ + १ = ४. जमलं. (हा प्रकार अल्बर्ट विलान्स्की यांना १९८२ मध्ये मेहुण्याच्या फोन नंबरावरून सुचला.) आपल्या संख्येत ३ चार वेळा म्हणजे १२, ३७ दोन वेळा म्हणजे २०, ३३३६६७ दोन वेळा म्हणजे ५६. एकूण ८८. हव्या होत्या ८१. हुकली.

कापरेकर संख्या आहे का, हे तुम्ही विचारणारच. ७०३ चा वर्ग ४९४२०९; ४९४ + २०९ = ७०३, अशा त्या. नऊ एकांवर हा प्रयोग करा: वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडचे १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. हवे होते नऊ एके, आले नऊ नव्वे! कापरेकर संख्या नाहीच, पण इतक्या थाटात हुकलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि आपली सतरा अंकी संख्या स्वतः? तिच्या वर्गाचे सतरा अंकांवर दोन भाग पाडले आणि बेरीज परत तीच आली, तर संख्या गुणिले संख्या वजा एक या गुणाकाराला सतरा एकांनी भाग जायला हवा. सतरा एकांचे मूळ अवयव दोनच, २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. आपल्या संख्येत दोन्ही नाहीत, म्हणून दोघांनी मिळून वजा-एकवालीला भाग जायला हवा, म्हणजे सतरा एकांनीच. पण १२३४५६७८९८७६५४३२० हे सतरा एकांच्या दुपटीपेक्षा कमी आणि एकपटीपेक्षा जास्त आहे. नाही जमत.

राहिली स्वयंभू संख्या, आणि इथे मी स्वतः कागद घेऊन बसलो. कापरेकरांचा खेळ असा: कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ पासून २४, २४ पासून ३०, असं पुढे. ज्या संख्येपर्यंत अशा रीतीने कुठूनच पोचता येत नाही ती स्वयंभू, जशी २०. जिच्यापर्यंत दोन वाटांनी पोचता येतं ती जंक्शन, जशी १०१: ९१ + १० आणि १०० + १. (रेल्वे काही पाठ सोडत नाही.)

आपली संख्या स्वयंभू आहे का? तिचा जनक, म्हणजे जिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवल्यावर आपली संख्या येते अशी संख्या, असेल तर त्याच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी, कारण आपली संख्या ९ च्या पटीत आहे. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जात नाही, म्हणजे फक्त शेवटचे तीन अंक बदलतील, आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५ जशीच्या तशी राहील. मग ७५ नंतरच्या नऊच्या पटी तपासायच्या. ८१ घेऊ: ३२१ − ८१ = २४०, २ + ४ + ० = ६, ७५ + ६ = ८१. बसलं! ९० घेतलं तर २३१, परत ६, बेरीज ८१ च, ९० नाही. पुढच्याही बसत नाहीत. तेव्हा आपली संख्या स्वयंभू नाही आणि जंक्शनही नाही. तिला एकच जनक आहे, १२३४५६७८९८७६५४२४०.

आणि त्या जनकाचा जनक? तोच हिशेब २४० वर करा. ८१ घेतलं तर १५९, अंक १५, बेरीज ९०. ९० घेतलं तर १५०, अंक ६, बेरीज ८१. दोघं एकमेकांच्या दारात उभे, आपल्या घरात कोणीच नाही. ९९ पासून १५३ पर्यंतच्या पटीही बेरीज म्हणून ८१ किंवा ९० च देतात. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही खरी स्वयंभू, आणि तुमच्या मुलीने वहीत काढलेली संख्या तिची पहिली संतती.

पुढची वाट मुलीलाच चालू द्या. शेवटचे तीन अंक तेवढे पुरे: ३२१ मध्ये ८१ मिळवले की ४०२, परत ८१ की ४८३. तिथे अंकांची बेरीज ९० होते आणि पायरी लांबते. नव्वदच्या सलग किती पायऱ्या चढल्यावर हजाराचा हातचा पुढे जातो, ते तिने मोजावं. मला सहा मिळाल्या.